घटस्फोट झालाय, मुलाला घेऊन इंदूरहून पुण्याला जायचंय, त्याचे वडील नाही म्हणतात

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात परत सांगते. २०२२ मध्ये इंदूरच्या फॅमिली कोर्टात म्युच्युअल कन्सेंटने, म्हणजे दोघांच्या संमतीने, घटस्फोट झाला, मुलगा आता साडेसहा वर्षांचा आहे, तुमच्याकडेच राहतो, डिक्रीत, म्हणजे कोर्टाच्या लेखी हुकमात, लिहिलंय की दर रविवारी सकाळी १० ते संध्याकाळी ६ वडिलांकडे आणि सुट्ट्या अर्ध्या अर्ध्या. आता कंपनी तुम्हाला प्रमोशनवर पुण्याला पाठवतेय, आईवडील कोथरूडला आहेतच, आणि मुलाचे वडील म्हणतात इंदूर सोडून दाखव, किडनॅपिंगची केस टाकतो. मैत्रीण म्हणते आधी जाऊन ये, मग बघून घेऊ.

मी इथे इंदूरलाच २२ वर्षं वकिली करतेय आणि त्यातली जास्तीत जास्त वर्षं फॅमिलीच्याच केसेसमध्ये गेली, त्यामुळे सरळ सांगते. जाऊ शकता, माझ्या मते तुमची केस चांगली आहे. पण मैत्रिणीचं ऐकू नका.

आधी ती किडनॅपिंगची भीती काढून टाकू, कारण रात्रीची झोप तिनेच उडालेली दिसतेय. किडनॅपिंग म्हणजे कायदेशीर पालकाच्या ताब्यातून मूल त्याच्या परवानगीशिवाय नेणं. इथे ताबा कोर्टानेच तुम्हाला दिलाय, मग तुम्ही तुमच्याच ताब्यातून काय पळवणार? मुलाचे वडील पोलीस ठाण्यात गेले तरी पोलीस बहुतेक अर्ज घेतात, दोघांना बोलावून दोन गोष्टी ऐकवतात आणि कोर्टात जा म्हणून सांगतात. खरा प्रॉब्लेम वेगळाच आहे, तो तुमच्या डिक्रीतल्या त्या रविवारमध्ये आहे. तुम्ही पुण्याला गेलात की दर रविवारी १० ते ६ हे होणारच नाही, म्हणजे दर आठवड्याला तुमच्या हातून डिक्री मोडली जाणार, आणि मुलाचे वडील त्याची तारीखवार यादी करून एक्झिक्युशन (डिक्रीची अंमलबजावणी) किंवा कंटेम्प्टसाठी (कोर्टाचा अवमान) अर्ज लावणार, शिवाय सोबत ताबा बदलून द्या म्हणून वेगळा अर्ज. तोपर्यंत भांडण नोकरीचं होतं, आता ते कोर्टाचं न ऐकणाऱ्या आईचं होऊन बसतं. आयतं कोलीत दिल्यासारखं आहे हे.

एक केस सांगते, ओळख पटेल असं काही लिहित नाही. माझ्याकडे एक बाई आल्या, आल्या तेव्हा बंगळूरला जाऊन दोन महिने झालेले होते, मुलीची ॲडमिशन झालेली, फ्लॅट घेतलेला, आणि इकडे वडिलांनी अर्ज लावलेला. पहिल्याच पेशीला, म्हणजे सुनावणीला, ऑर्डर झाली की मुलीला घेऊन हजर व्हा. मग प्रत्येक पेशीला शाळा बुडवून यायचं, मधे युनिट टेस्ट, मधे मुलगी आजारी, आणि न्यायाधीश साहेबांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, पॅकर्सवाल्याला फोन करायला वेळ मिळाला तर कोर्टाला विचारायला का नाही मिळाला. बाईंकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. अकरा महिन्यांनी परवानगी मिळाली, आणि गंमत म्हणजे अटी जवळजवळ त्याच ज्या आम्ही पहिल्या दिवशी स्वतःहून लिहून दिल्या असत्या.

आता कायदा. हिंदू मॅरेज ॲक्ट १९५५ चं कलम २६ म्हणतं की मुलांच्या ताब्याबद्दल, शिक्षणाबद्दल कोर्ट डिक्रीनंतरही वेळोवेळी ऑर्डर बदलू शकतं. म्हणजे म्युच्युअलमध्ये सही केली म्हणून तुम्ही इंदूरला जन्मभर बांधल्या गेल्या असं होत नाही. घटस्फोट फायनल असतो, पोटगीची एकरकमी रक्कम ठरली असेल तर तीही सहसा परत उघडत नाही, पण ताब्याची ऑर्डर कधीच पूर्ण बंद होत नाही कारण मूल वाढत असतं. वडील म्हणतील की कन्सेंट टर्म्सवर (दोघांनी मान्य केलेल्या अटींवर) सही केलीय, आता शब्द फिरवतेय. त्याला उत्तर म्हणून तुमच्या वकिलाला २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढायला सांगा, ज्यात म्युच्युअलनेच घटस्फोट झालेला होता, वडिलांना भेटीचे हक्क दिलेले होते आणि आईला नोकरीसाठी मुलाला ऑस्ट्रेलियाला न्यायचं होतं. (पक्षकारांची नावं घरगुती प्रकरण म्हणून मी लिहित नाही, ऑस्ट्रेलिया म्हटलं की वकील ओळखेल.) कोर्टाने आईला जाऊ दिलं, न्यायाधीश स्वतः मुलाशी बोलले, आणि स्पष्ट म्हटलं की ताब्याच्या अटी परिस्थितीप्रमाणे बदलता येतात आणि आईला मूल की करिअर यातलं एकच निवड असं सांगता येत नाही. तिथे ऑस्ट्रेलिया होतं हो, तुमचं तर पुणे आहे, रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथे.

अर्ज कुठे करायचा? इंदूरलाच, ज्या कोर्टाने डिक्री दिली तिथेच. यात लोक फार घोळ घालतात. कुणीतरी सांगतं की पुण्याला जा, तिथे सहा महिने राहा, मग मूल तिथलं रहिवासी होईल आणि पुण्याच्या कोर्टात केस लावता येईल. हे अर्धवट ज्ञान आहे. गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट १८९० च्या कलम ९ मध्ये मूल सहसा जिथे राहतं तिथलं कोर्ट असं आहे खरं, पण तुमच्या हातात आधीच एक डिक्री आहे आणि ती बदलायची आहे, आणि कोर्टाला न विचारता मूल हलवून नवीन जागेचा फायदा घेतलेला कोणत्याच साहेबांना आवडत नाही. आणि वाचणाऱ्यांपैकी ज्यांना त्याच १८९० च्या ॲक्टखाली कोर्टाने पालक नेमलंय त्यांनी जास्त सांभाळून राहायचं, त्यातल्या कलम २६ मध्ये सरळ लिहिलंय की कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलाला कोर्टाच्या हद्दीबाहेर न्यायचं नाही. दोन वेगळे कायदे, दोन्हीत कलम २६, ज्युनिअर वकीलही गोंधळतात.

मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर सहसा आईकडे, हा जो नियम सगळ्यांना पाठ असतो, तो हिंदू मायनॉरिटी अँड गार्डियनशिप ॲक्ट १९५६ च्या कलम ६ मध्ये आहे आणि तुमच्या मुलाला आता तो लागू नाही, साडेसहाचा झाला. त्याच कलमात नैसर्गिक पालक आधी वडील आणि त्यांच्या नंतर आई असं लिहिलंय, समोरचा वकील ते वाचून दाखवेल, दाखवू दे. गीता हरिहरन प्रकरणात १९९९ मध्येच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की इथे नंतर म्हणजे वडील मेल्यावर असा अर्थ नाही. आणि शेवटी याच १९५६ च्या ॲक्टचं कलम १३, मुलाचं हित सगळ्यात वर. सगळं गाडं तिथेच येऊन थांबतं.

पण मुलाचं हित हा शब्द अर्जात पंधरा वेळा लिहून काही होत नाही. माझ्याकडे दुसऱ्यांचे लिहिलेले अर्ज येतात तेव्हा बघते, चार पानं नवऱ्याच्या तक्रारी, सासू कशी होती, २०१९ च्या दिवाळीत काय झालं, आणि पुण्याला कुठे राहणार ते दोन ओळीत. ताई, ते सगळं २०२२ ला संपलं. साहेबांना एवढंच बघायचंय की मुलाचं तिथे काय होणार आणि वडिलांशी नातं कसं टिकणार. पहिलं तुम्ही कसंही लिहालच. दुसरं नीट लिहाल तर अर्धी केस तिथेच जिंकाल. मी तर क्लायंटला सांगते की अर्जाची निम्मी पानं वडिलांच्या भेटीवर पाहिजेत, आणि ती अशी लिहा की ते स्वतः लिहायला बसले असते तरी याहून जास्त मागायला त्यांना लाज वाटली असती. क्लायंट चिडतात, म्हणतात मॅडम तुम्ही माझ्या वकील की त्याच्या.

तुमच्या केसमध्ये बघा, वर्षाचे ५२ रविवार, दर रविवारी ८ तास, म्हणजे ४१६ तास, सुट्ट्या धरल्याच नाहीत. हे ४१६ तास तुम्ही काढून घेताय, हा आकडा समोरचा वकील मांडणारच, मग तुम्हीच आधी मांडा आणि परत कसे देणार ते लिहा. महिन्यातून एक वीकेंड तुम्ही मुलाला इंदूरला आणणार, शनिवारी सकाळपासून रविवारी संध्याकाळपर्यंत, रात्री वडिलांकडे मुक्काम. एक वीकेंड ते पुण्याला येणार, तेव्हाही मुलगा त्यांच्याजवळच राहणार, तुमच्या हॉलमध्ये तुमच्या डोळ्यासमोर बसून नाही. फक्त या दोन वीकेंडचेच वर्षभराचे तास मोजून बघा, ४१६ च्या पुढे जातात. उन्हाळ्याची सुट्टी अर्धी आहे ती दोनतृतीयांश करा, जाईल तुमच्या जिवावर पण करा. दिवाळी एक वर्ष इकडे एक वर्ष तिकडे. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, सुप्रीम कोर्टाने २०२० च्या एका निकालात म्हटलंय की आईबाप वेगळ्या राज्यात किंवा देशात असतील तर रोज ५ ते १० मिनिटं तरी मूल बोलू शकलं पाहिजे, तुम्ही २० लिहा. कॉलच्या वेळी फोन तुमच्या हातात नको, मागून खुणा नकोत, मुलं पटकन सांगून टाकतात.

प्रवासाचा खर्च कोण देणार ते लिहाच, भांडणं नेहमी तिथून परत सुरू होतात. रेल्वेत ५ ते १२ वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं लागतं, म्हणजे तुमची दोन तिकिटं येताना आणि दोन जाताना, वर्षभराचं गणित मांडून सांगा की हे मी करेन, प्रमोशनमध्ये पगार वाढतोय ना. गाडी रद्द झाली, मुलगा आजारी पडला, तर बुडालेला वीकेंड पुढच्या महिन्यात भरून देणार हेही लिहा. शाळेचा रिझल्ट, डॉक्टरची फाइल, पीटीएमची तारीख त्यांच्या मेलवर जाणार. वडिलांकडचे आजीआजोबा आहेत का इंदूरला? असतील तर त्यांचं नाव अर्जात आलं पाहिजे. एका केसमध्ये मी स्वतः हे विसरले होते, वडिलांच्या भेटीचं सगळं व्यवस्थित लिहिलं आणि आजोबा रोज शाळेतून नातवाला आणायचे त्यांच्याबद्दल एक शब्द नाही. म्हातारे कोर्टात मागच्या बाकावर बसलेले होते, साहेबांचं लक्ष गेलं, आणि मग मला जे ऐकावं लागलं ते राहू दे.

कागद काय लागतील? ऑफर लेटर किंवा ट्रान्सफर लेटर, ज्यात इंदूरला ही पोस्ट नाही किंवा वर्क फ्रॉम होम मिळणार नाही हे दिसलं तर उत्तम, कारण पहिला प्रश्न तोच येणार, जायलाच पाहिजे का. पुण्याच्या शाळेचं पत्र, राहायच्या जागेचा कागद, आईवडिलांचं शपथपत्र की तुम्ही ऑफिसला असताना मुलगा आमच्याकडे असेल. आणि गेल्या तीन वर्षांत तुम्ही रविवार नीट पाळलेत याचा पुरावा, मेसेज, काहीही. फॅमिली कोर्ट्स ॲक्ट १९८४ च्या कलम १४ मुळे पुराव्याचे कडक नियम इथे सैल आहेत, व्हॉट्सॲप चालतं, तरी इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट सोबत लावाच, वाद नको. एक गोष्ट मात्र इंदूरच्या आपल्या लोकांना लक्षात राहत नाही, इथल्या कोर्टाची भाषा हिंदी आहे, पुण्याहून मराठीत पत्र आलं तर हिंदी अनुवाद जोडा. घरात मराठी, कोर्टात हिंदी, हायकोर्टात इंग्रजी, तीन भाषांत एकच भांडण भांडायचं असतं आपल्याला.

अर्जाआधी मुलाच्या वडिलांना एक शांत पत्र किंवा मेल पाठवा. धमकीला उत्तर नाही द्यायचं, फक्त इतकंच की अशी संधी आहे, मी कोर्टात परवानगी मागणार आहे, तुमच्या भेटीसाठी हे सुचवतेय, तुमचं काय म्हणणं. दहातले दोन तीन तरी इथेच मानतात, खरं सांगते, त्यांना बातमी दुसऱ्याकडून कळलेली असते आणि राग त्याचाच जास्त असतो. मानले तर तोंडी ठेवू नका, दोघांच्या सहीने त्याच कोर्टात अर्ज देऊन डिक्रीत बदल करून घ्या. नाही मानले तर कोर्टात काउन्सेलिंग होईलच, तेव्हा हे पत्र बोलतं.

मुलाला साहेब चेंबरमध्ये बोलावतील का? बोलावू शकतात. १८९० च्या ॲक्टच्या कलम १७ मध्ये आहे की मूल समजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर तिचा विचार करता येतो, साडेसहा म्हणजे काठावर. पढवू नका. एकदा एका पोराने आत जाऊन सांगितलं, मला नवीन शहरात चांगलं शिक्षण मिळेल. सात वर्षांचं पोर असं बोलतं का कधी? साहेब हसले, त्याला चॉकलेट दिलं, आणि बाहेर येऊन आईला जे काय विचारायचं ते विचारलं.

पोटगी आणि भेट एकमेकांत गुंतवू नका. ते म्हणतील पुण्याला गेलीस तर मुलाचे पैसे बंद, ते त्यांना करता येत नाही. आणि त्यांचे तीन महिन्यांचे थकलेत म्हणून या रविवारी पाठवत नाही, हे तुम्हालाही करता येत नाही. वसुलीचा रस्ता वेगळा आहे, तो धरा.

आता हे वाचणारे वडीलही असतील, त्यांच्यासाठी थोडंसं, मी त्यांच्याकडूनही केसेस लढते. मुलाची आई निघायच्या तयारीत आहे असं कळलं तर शाळेच्या गेटवरून मूल उचलून आणू नका, त्या एका दिवसात तुमची चांगली केस मातीत जाते. त्याच कोर्टात लगेच अर्ज द्या की परवानगीशिवाय मूल हलवू नये आणि तोपर्यंत आहे तसं राहू द्यावं. उशीर करू नका, मूल नव्या शाळेत सहा महिने रुळलं की त्याला परत उपटायला कोर्ट तयार होत नाही, ते बरोबरही आहे. आणि स्वतःला एक विचारा, गेल्या वर्षातले किती रविवार तुम्ही खरंच गेलात? वर्षातून बारा वेळा गेलेला बाप रोजच्या सहवासाची भाषा करतो तेव्हा समोरच्या वकिलाला काहीच करावं लागत नाही.

परदेशाचं तुमच्याकडे नाही म्हणून दोनच ओळी. मुलाच्या पासपोर्टला दोघांच्या संमतीचं घोषणापत्र लागतं, एकाची नसेल तर वेगळं घोषणापत्र द्यावं लागतं आणि त्यात चालू केस लपवायची नाही. मुलांच्या अपहरणाबद्दलच्या १९८० च्या हेग कन्व्हेन्शनमध्ये भारत नाही, म्हणून परदेशी जायची परवानगी देताना कोर्ट हमीपत्र, सिक्युरिटी, कधी तिकडच्या कोर्टाकडून तशीच ऑर्डर मागतं. ते काम वेगळ्याच लेव्हलचं आहे.

वकिलाच्या फीचं तुम्ही विचारलं नाही पण सांगते. कायदेशीर सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे फार कमी जणींना माहीत आहे. जिल्हा कोर्टात विधिक सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. तिथे मिळालेला वकील चांगला की वाईट हे नशीब, तसं ते पैसे देऊनही नशीबच असतं. फॅमिली कोर्टात तसा वकिलाचा हक्क नाही, फॅमिली कोर्ट्स ॲक्टचं कलम १३, परवानगी घ्यावी लागते, पण मिळते. तुम्ही स्वतःही उभ्या राहू शकता, बोलायला बसलात तर साहेब ऐकून घेतात, फक्त २०१९ ची दिवाळी काढू नका.

वेळेचं गणित आत्ताच करा. सीबीएसईची शाळा असेल तर एप्रिलला सुरू, पुण्यात स्टेट बोर्डाची असेल तर जूनच्या मध्यात, म्हणजे अडीच महिने हातात जास्त. नोटीस बजावून होईपर्यंत दोन पेश्या जातात, उत्तराला एक, काउन्सेलिंगला एक दोन, आणि मग कोर्टाच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या. एप्रिलमध्ये जायचं तर अर्ज डिसेंबरात लागलेला असावा. कंपनीला जॉइनिंग थोडं पुढे ढकलता येतं का विचारा, नाहीतर तुम्ही आधी एकट्या जॉइन व्हा आणि ऑर्डर येईपर्यंत वीकेंडला इकडे या, मुलगा तुमच्या बहिणीकडे म्हणा किंवा, हो, त्याच्या वडिलांकडे म्हणा, पण तसं केलं तर लेखी करा की ही तात्पुरती सोय आहे, नाहीतर उद्या तेच म्हणतील की ती मुलाला टाकून गेली. मला विचाराल तर यापेक्षा दोन महिने उशिरा जा. निकाल विरोधात गेला तर अपील हायकोर्टात, ३० दिवसांच्या आत, आपल्याकडे इंदूर खंडपीठातच होतं, जबलपूरला जावं लागत नाही.

सोमवारी पहिलं काम हे करा की २०२२ च्या डिक्रीची आणि कन्सेंट टर्म्सची सर्टिफाइड कॉपी काढायला नकलेचा अर्ज टाका. तुमच्याकडे जी आहे ती फोटोकॉपीची फोटोकॉपी असणार, सगळ्यांकडे तीच असते, आणि त्यात नेमकं भेटीच्या अटींचं पान पुसट आलेलं असतं.